म्यानाचं बटण

"कमरेला नको. बसलं की मांडीत टोचतो," सुतार आरशासमोर पुटपुटला आणि त्याने पट्टा पुन्हा सोडला.

चार दिवस हेच चाललं होतं. सुरा चांगला हातभर लांब. कमरेला, पाठीवर, काखेखाली, सगळं करून झालं. शेवटी त्याने सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यालाच म्यान शिवलं. मूठ खाली, मुठीवर झाकण, झाकणाला बटण. मग तो आरशासमोर उभा राहून बटण काढायचा, सुरा ओढायचा. पुन्हा आत. पुन्हा बाहेर.

"फिरायला जाताना एवढं हत्यार कशाला?" बायकोने विचारलं.

"असू दे. एका झटक्यात हातात यायला हवं."

महिन्यापूर्वी तिने वेगळं व्हायचं बोलून दाखवलं होतं. त्यावर तो ना चिडला, ना भांडला. एकदा डोंगरात जाऊन येऊ, मग ठरव, एवढंच म्हणाला. दोन वर्षांपूर्वी त्याचा भाऊ डोंगरात गेला, तेव्हाही हा असाच गप्प. दोघं गेले होते, परत हा एकटा आला. काय झालं ते त्याने आजवर कुणाला धड सांगितलं नव्हतं.

वाटेवर तो सतत तिच्या मागे.

"पुढे चाल. माझ्या नजरेसमोर राहा."

हात सारखा त्या बटणावर. तिचा एक डोळा वाटेवर, एक मागे.

दुपारी तो सॅक ठेवून झऱ्यावर पाणी भरायला गेला. तिने बटण काढलं, सुरा दरीत भिरकावला, म्यानात तंबूची लाकडी खुंटी कोंबली आणि झाकण लावलं. तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

"बसला बघ अंगाला एकदाचा," परत आल्यावर सॅक चढवत तो म्हणाला. "ओझं म्हणून जाणवत नाही."

पुढच्या वळणावर मागे बघता बघता तिचा पाय घसरला. ती कडेवरून खाली गेली, तिच्या पाठीवरची सॅक एका मुळात अडकली आणि छातीवरचा पट्टा वर सरकून गळ्यात रुतला. पाय अधांतरी. बकल जाम.

तो धावत येऊन पालथा पडला. एका हाताने तिचं मनगट गच्च धरलं.

"घाबरू नकोस, मी धरलंय तुला. पट्टा कापतो. दादाचाही असाच अडकला होता गं. सुरा सॅकच्या तळाशी होता. मी काढेपर्यंत..."

ती काहीतरी सांगू पाहत होती. आवाज फुटेना.

"या वेळी नाही," तो म्हणाला आणि झटक्यात बटण काढलं.

त्याच्या हातात खुंटी आली.