दोन हातांची नाव

गुरुबसप्पांनी नावेच्या बुडावरून तळवा फिरवला. बायकोच्या, गौरम्माच्या पोळपाटासारखं गुळगुळीत. एस.टी.च्या वर्कशॉपात तीस वर्षं त्यांनी बसचे पोचे बुजवले, पण असली सफाई हातून कधी झाली नव्हती. दोन हात लांब सागवानी नाव. फटीफटीत पेंटरची लांबी भरली, बाहेरून तीनदा पॉलिशपेपर मारला. बूड मजबूत व्हावं म्हणून आतून तिच्याच जुन्या लुगड्याच्या पट्ट्या रेझिनमध्ये भिजवून चिकटवल्या, वर वॉर्निशचे चार हात. आता ती तरंगते का, तेवढंच बघायचं राहिलं होतं.

अन् तिथंच घोडं अडलं. लातुरात नळ यायचा आठवड्यातून एकदा. हौदात सोडून बघतो म्हणाले, तर गौरम्मानं हौदावर पत्रा ओढला आणि त्यावर स्वतःच जाऊन बसली.

"लुगडं फाडलंत, मी गप बसले," ती म्हणाली. "पाण्याला हात लावू देणार न्हाई."

चार महिन्यांची मेहनत, गल्लीभर सांगून झालेलं, आणि नाव गळते की नाही ते करणाऱ्यालाच ठाऊक नाही! बिचाऱ्यांना अन्न गोड लागेना.

शुक्रवारी ते न्हाव्याच्या दुकानात दाढीला बसले आणि नेमका तेव्हाच नळ आला, तोही दोन दिवस आधी. तिथं बातमी पोचली तसे ते अर्धी दाढी तशीच ठेवून घराकडं पळाले. आज टबभर पाणी तरी मागायचंच.

पोचेपर्यंत नळ गेला होता. घागरी, कळशा, डबे, कुकर, सगळं तुडुंब. आणि ओट्यावर दोन विटांमध्ये नीट टेकवलेली नाव. तीही काठोकाठ भरलेली, वर परात झाकून.

गुरुबसप्पांचं डोकंच फिरलं. पाणी नावेच्या बाहेर असतं, आत नसतं, हे ते तावातावानं सांगू लागले. सांगता सांगता वाकले आणि बुडाला हात लावला. कोरडं ठणठणीत. विटासुद्धा कोरड्या. राग कुठल्या कुठं गेला. साबण वाळलेल्या गालांवर हसू मावेना.

"थेंब गळंना बघा," गौरम्मा म्हणाली. चार महिन्यांत पहिल्यांदाच तिनं नावेला नावं ठेवली नव्हती.

शेजारची उमादेवी आली, तिनं परात उचलून आत डोकावलं, नाव वाजवून बघितली.

"काका, आमालाबी असली एक करून द्या," ती म्हणाली. "जरा मोठी. अन् बुडाला एक तोटी बसवा."