केळफुलाची बाहुली

नव्या कायद्यानं गिरणीत उघडलेल्या पाळणाघरात कापसाचे तंतू उन्हात तरंगत होते, झोळ्या आपसूक डुलत होत्या. लोधीपुऱ्याची कोकिळा मुठीत अफूची डबी घेऊन दारातच थबकली. लेक झोपावी म्हणून ती रोज सकाळी तिला मोहरीएवढी अफू चाटवायची. आज घाईत राहून गेलं होतं, म्हणून ती परत आली होती. जागी राहिलेली लेक चिंधीत गुंडाळलेलं केळफूल मांडीवर घेऊन त्याला रिकामं बोट चाटवत होती. “भोंगा वाजेपर्यंत झोप. मायले काम हाये,” ती बाहुलीला सांगत होती. पाळणाघर सांभाळणाऱ्या गोदाबाईंनी बाहुली खांद्याला लावून थोपटली. “हिले असं निजवू, माय.” “अन् रडली तं?” पोरीनं विचारलं. “रडू दे. मी हाये ना.” पोरगी उडता कापूस बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “मी रडली तरी?” कोकिळेनं डबी मोरीत उपडी केली. लेकीचं रडणं ऐकू येईल म्हणून कान देत ती आपल्या कापड विणायच्या मागाकडे निघाली.