बदलापूर की विरार

"बदलापूरले नदी शे," पारावर टेकत धनसिंग म्हणाला, "पन विरारले गाडीमा जागा भेटस."

दोन दिवसांत दोन्ही गावं पाहून तो धरणगावला उतरला होता आणि तिथून चालत आपल्या गावी आला होता. घरी जायच्या आधी तो पाराकडे वळला. घरी बायको भिकुबाई विचारणार, कुठलं गाव ठरवलं, आणि त्याचं तर अजून काहीच ठरलं नव्हतं.

त्याच्या मुलीला, कोकिळेला दोन स्थळं आली होती. दोन्ही पोरं खान्देशातलीच, पण मुंबईकडे नोकरीला. अभिमन बदलापूरला राहायचा, बन्सीलाल विरारला. दोघांची घराणी माहितीतली, दोघंही कारखान्यात, पगारातही फारसं डावं-उजवं नाही. पण मुलगी पाहायला बोलवायचं एकालाच. दोघांना बोलावलं तर भाऊबंदांत बोभाटा. मग ठरवायचं कशावरून? ज्या गावात पोरीला जन्म काढायचा, त्या गावावरून. म्हणून धनसिंग स्वतः जाऊन आला होता, आणि गेला होता त्यापेक्षा जास्त गोंधळून आला होता.

पारावर सुपडूनाना होते. गिरण्या बंद पडल्यावर ते परळहून कायमचे गावी आले होते, तेव्हापासून मुंबईबद्दल त्यांचाच शब्द शेवटचा. ते म्हणाले, "विरार. सुरतेची लाइन आपल्या धरणगाववरून जाते. पोर माहेरी कधीही येईल." धनसिंगला एकदम पटलं. तेवढ्यात उखर्डूआप्पा म्हणाले, "विरारले पानी खारं शे. दाळ शिजत नही." हेही पटलं. धनसिंगने तिथल्या विहिरीचं पाणी चाखलं होतं, खारंच होतं. मग कोणी बदलापूरचं नाव घेतलं. तिथे हवा चांगली, डोंगर जवळ. पण गाड्या कमी, एक चुकली की पोरगा अर्धा दिवस फलाटावर. विरारला भाजी ताजी. पण विरारच्या खोलीची भिंत ओली. धनसिंग प्रत्येकाला हो म्हणत गेला.

घरी भिकुबाईने विचारलं, "शेजार कसं शे?"

बदलापूरच्या चाळीत सगळे मराठी, विरारला निम्मे गुजराती, त्याने सांगितलं. भिकुबाईला गुजरातीचं काही वाटलं नाही, तिची आत्या नवापूरकडची होती. मग विरार म्हणावं, तर खारं पाणी आठवलं. बदलापूर म्हणावं, तर स्टेशनापासून घर केवढं लांब, वाटेत दिवे नाहीत. जेवताना तो पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला आणि बोलता बोलता त्याने नदी विरारला नेऊन ठेवली.

"नदी बदलापूरले ना?" भिकुबाई म्हणाली.

धनसिंगने हातातला घास ताटात ठेवला. त्याला आता सगळंच एकमेकांत मिसळल्यासारखं वाटत होतं.

कोकिळा चुलीपुढे भाकरी थापत होती. गेले आठ-दहा दिवस घरात दुसरा विषय नव्हता, पण ती एका शब्दाने बोलली नव्हती. परातीतून नजर न काढता तिने विचारलं, "आबा, पोऱ्या कसा शे?"

"कोनता पोऱ्या?"

"दोन्ही."

धनसिंगने आठवायला सुरुवात केली. विरारची मोरी आठवली. पत्र्याला पडलेलं भोक आठवलं. बदलापूरच्या चाळीचा जिना, नळावरची भांड्यांची रांग, सगळं डोळ्यांपुढे आलं. पोरं काही येईनात. दोघंही शिडशिडीत होते. दोघांनीही चहा पाजला होता. दोघंही स्टेशनावर पोचवायला आले होते आणि दोघांनीही त्याची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली होती. तो मात्र वाटेतली दुकानं बघत चालला होता. दवाखाना कुठे, गिरणी कुठे, देऊळ कुठे.

मग एक गोष्ट आठवली.

"एकजननी इचारं," तो चाचरत म्हणाला. "फलाटवर. म्हने, मामा, तुमच्या मुलीला विचारलं का, तिला इकडे यायचंय का?"

कोकिळेचे हात थांबले. "मंग?"

"मंग काय? मी सांगं, इचारं नही."

हे बोलल्यावर मात्र त्याला मान वर करवेना. पाराला विचारलं होतं, सुपडूनानांना विचारलं होतं, गाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही विचारलं होतं.

"कोन व्हता तो?" कोकिळेने विचारलं.

धनसिंगने कपाळ दाबून धरलं. फलाट आठवला, बाकडं आठवलं, पोराचा आवाजही आठवला. पण तो फलाट बदलापूरचा होता की विरारचा, हे काही केल्या आठवेना. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तशी भिकुबाईने पुढे होऊन ती उलटली.

 मग धनसिंग उठून चुलीपाशी येऊन बसला. पोरीशी असं बोलायची त्याला सवय नव्हती. "तुले तठे जावानं शे का?" त्याने विचारलं.

"ज्यानी इचारं, त्यानाकडे," कोकिळा म्हणाली आणि तिने नवा गोळा परातीत घेतला.

सकाळी भिकुबाई म्हणाली, स्थळं सुचवणाऱ्या सुकदेवभाऊंकडून दोन्हीकडे निरोप धाडा, कोणी विचारलं ते कळेल. पण धनसिंगने ऐकलं नाही. ज्याला आपण पाहूनही पाहिलं नाही, त्याची चौकशी दुसऱ्याच्या तोंडून कशी करायची? त्याने पिशवीत धोतर कोंबलं आणि तो निघाला.

पारावरून सुपडूनानांनी हाक मारली, "काय धनसिंग, ठरलं का? बदलापूर की विरार?"

"गावनं माहीत नही, नाना," न थांबता तो म्हणाला. "पन जवाई सापडी गया."