बुढी डावखुरी हाय

"कट् वाजलं का?" जीपखालून इनायतभाऊंचा आवाज आला.

"वाजलं."

"मंग सोड आता. वाजल्यावर जोर लावशीन त बोल्ट तुटते."

नीलिमाने पाना बाजूला ठेवला. भद्रावतीच्या हमरस्त्याला लागून असलेल्या या गॅरेजात ती उन्हाळाभर येत होती. कारखान्याच्या भरतीत यंत्रांच्या माहितीचा एक पेपर होता. तो निघाला की नोकरी पक्की, आणि नोकरी लागली की आईची दुसऱ्याच्या शेतातली मजुरी बंद. बाप गेल्यापासून घरात मायलेकी दोघीच. गाईड तिने केव्हाच पाठ करून टाकलं होतं, पण गाईडातला पाना काही हाताला लागत नाही. म्हणून तिने इनायतभाऊंना गाठलं.

आईने, इंदुताईंनी, सुरुवातीला नाक मुरडलं होतं. "असे काळे हात पाहून कोण पसंत करन हिले?" आता त्याच इंदुताई शेजारणीला क्लच कसा काम करतो ते पोळ्या लाटता लाटता समजावत. चुकीचं समजावत, पण ठासून.

भाऊंचे कायदे दोनच. नट 'कट्' वाजेपर्यंत आवळायचा, पुढे नाही. आणि गॅरेजातून गाडी निघण्याआधी चाकाच्या प्रत्येक नटाला एकदा पाना लावून पाहायचा. हे दुसरं काम ते कोणावर सोपवत नसत. ताप असला तरी स्वतः करत.

पेपर चंद्रपूरला होता. नेमका त्याच दिवशी भाऊंना देवरावचा जुना ट्रक दुरुस्त करून मूल गावाला पोचवायचा होता. त्या ट्रकला गॅरेजात सगळे बुढी म्हणत.

"चंद्रपूर रस्त्यातच हाय," भाऊ म्हणाले. "पोरीले सोडतो. इंदुताई, तुमी बी चला. मूलले बहीण हाय ना तुमची?"

"हो ना. हिचा पेपर होईस्तोवर मी गेटवर बसून काय करू? जीवच जाईन माझा काळजीनं." इंदुताईंनी बुढीकडे खालून वर पाहिलं. "पण भाऊ, हे धड चालते ना?"

"चालते. बुढी डावखुरी हाय जराशी. समजून घेतलं का लय इमानदार हाय."

नीलिमा हसली. गाडी डावीकडे ओढत असणार, तिने मनात म्हटलं. भाऊंच्या बोलण्यात गाड्या रुसत, लाजत आणि कधीकधी माहेरीही जात. सगळंच काही विचारत बसायचं नसतं.

भाऊ कपडे बदलायला आत गेले. नीलिमाला वाटलं, उन्हाळाभर या माणसाने आपल्याला शिकवलं, चहासुद्धा स्वतःच पाजला. आज जाता जाता त्यांचं एक काम आपण करावं. तिने मोठा पाना घेतला, त्याला लोखंडी पाइप अडकवला आणि ओढणी कमरेला खोचली.

उजवी बाजू आधी. पाइपवर ती अक्षरशः उभी राहिली, तरी एकही नट तसूभर हलला नाही. झकास. मग ती डाव्या बाजूला गेली, पाना लावला, घड्याळाच्या काट्यांसारखा फिरवत पाइपवर भार टाकला.

कट्.

ती चपापली. पुढचा नट. कट्. त्याच्या पुढचा. कट्. पुढच्या चाकाचे, मागच्या चाकांचे, डाव्या बाजूचे सगळे नट एकेक करत थोडे फिरले आणि वाजले. म्हणजे इकडचे आवळायचे राहूनच गेले होते. भाऊंच्या हातून! तिला हसू आलं आणि पाठोपाठ वाईटही वाटलं. भाऊ म्हातारे होत चालले होते.

नवा शर्ट घालून भाऊ बाहेर आले आणि सवयीने पान्यासाठी वाकले.

"झालं भाऊ, पाह्यले मी सगळे."

"सगळे? दोन्हीकडचे?"

"दोन्हीकडचे."

"एखादा हलला का?"

नीलिमाने त्यांच्याकडे पाहिलं. उस्तादाची चूक त्याच्या तोंडावर दाखवायची, तीही आजच्या दिवशी, हे काही तिच्याच्यानं होईना.

"नाई भाऊ. एकबी नाई हलला."

भाऊंनी पाना सीटखाली टाकून दिला. "त मंग चाल. आता तू बी मिस्तरी झाली."

त्या एका वाक्याने तिचा ऊर भरून आला. चंद्रपूरपर्यंत ती तेच वाक्य मनात घोळवत राहिली.

केंद्राच्या गेटवर फोन आत नेऊ देत नव्हते. तिने तो इंदुताईंच्या पिशवीत टाकला. इंदुताई डावीकडच्या खिडकीशी ऐसपैस बसल्या होत्या. "घाई नको करू. नीट वाचून लिही," त्या म्हणाल्या. बुढीने धूर सोडला आणि मूलच्या जंगलातल्या रस्त्याकडे वळली. खिडकीतून बाहेर आलेला आईचा हात बराच वेळ हलत होता.

पेपर सोपा निघाला. जॅक कुठे लावायचा, इंजिनाचे चार स्ट्रोक कोणते, छोट्या गिअरने मोठा फिरवला तर वेग वाढतो की घटतो. नीलिमा भराभर गोल काळे करत गेली. शेजारचा पोरगा पेन्सिल चावत बसला होता, त्याची तिला दया आली. ही नोकरी आता आपलीच, असं तिला पहिल्यांदा खरोखर वाटलं.

शेवटच्या पानावरचा एक प्रश्न मात्र गाईडात नव्हता. तिने तो आईने सांगितल्यासारखा सावकाश वाचला. 'काही जुन्या ट्रकमध्ये डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना डाव्या हाताचे, म्हणजे उलटे आटे असतात. असा घट्ट बसलेला नट सैल करण्यासाठी पाना कोणत्या दिशेने फिरवावा?'

माहीत नसलं तरी डोकं चालवलं की जमण्यासारखं होतं. आटे उलटे, तर फिरवणंही उलटं. तिने 'घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने' यापुढचा गोल काळजीपूर्वक काळा केला. उत्तर बरोबर होतं. घट्ट नट सुटतानाही कट्च वाजतं. तेव्हा कुठे सकाळचा तो आवाज तिच्या कानात पुन्हा वाजू लागला, बुढीच्या डाव्या अंगाने, एकामागून एक. कट्. कट्. कट्.