कायाझावानं बस ओढली

नाहीच ठेवणार तुम्ही विश्वास. त्यातून आज या रांगेत सगळेच रात्रीपासून उपाशी, आणि उपाशी माणूस कशावरच विश्वास ठेवत नाही. तरी सांगतो. देवळाच्या अंगणात ही पांढरी बस उभी आहे ना, पोटाचे फोटो काढणारी, ती एका वर्षी या गावानं दोरखंडांनी ओढून डोंगरावर आणली.

त्या साली नोव्हेंबरातच बर्फ कोसळलं. कंबरभर. बस खाली पुलापाशी रुतली. लगेच शहराहून नगराध्यक्षांचा फोन. मुनेकाता साहेब. कायाझावा त्यांच्या शहरात सामील झालं तेव्हापासून गावाचं एकेक काही कमीच होत होतं. आधी शाळा गेली, मग पोस्ट.

"शिझुनोबाई, बर्फ काढायची गाडी काही पुलाच्या वर येत नाही. बस परत बोलावतो. आणि शहराच्या सभेत ठरलंय, यंदा बस जिथं पोचणार नाही तिथली तपासणी कायमची बंद. तुम्हीच या ना खाली. मस्त चहा पाजतो."

"तपासणीला उपाशीपोटी यायचं असतं, साहेब," शिझुनोबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

शिझुनोबाई म्हणजे गावची आरोग्यसेविका. बिनपगारी. घरोघर जाऊन मिसोच्या सारात मीठ किती ते मोजायच्या. त्या दुरून दिसल्या की लोक लोणच्याची बरणी फडताळात दडवायचे. पण त्या दिवशी बाईंना मिठाची नव्हे, एकाच पोटाची काळजी होती. याइचीच्या.

याइची गावचा मुखिया. उन्हाळ्यापासून त्याची विजार कमरेवर ठरत नव्हती. भात पुढ्यात घ्यायचा आणि मांजराकडे सरकवायचा. वसंतात तो शहराच्या सभेची निवडणूक लढवणार होता.

"एकदा दाखवून घ्या," बाई म्हणाल्या होत्या.

"आणि काही निघालं तर? आजारी माणसाला मत कोण देतं, ताई?"

शहरातल्या दवाखान्याची पायरी तो मेला तरी चढला नसता. चारचौघांनी पाहिलं तर? बस अंगणात आली, तरच काही आशा होती.

बाईंनी देवळाचं कोठार उघडलं. जत्रेत देवाचा ओंडका ओढायचे दोर बाहेर काढले, मांडीएवढे जाड. दोनशे माणसं पुलावर उतरली. दोर बसला बांधले. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "अहो आजी, सोडा तो दोर! गाडी केवढी जड आहे!"

"तू चाक धर. आणि इंजिन बंद कर, धुरानं खोकला येतो."

कुणीतरी हळूच भाताचा गोळा काढला. बाईंनी तो हातातून हिसकावला. "एक शीत पोटात गेलं तर फोटो बिघडतो. ओढा!"

ओंडका ओढताना गाणं म्हणायचा मान मुखियाचा. याइची बसच्या पुढे उलटा चालू लागला. हात वर करून त्यानं सूर लावला. तेवढ्या वाळलेल्या छातीतून तो आवाज कुठून आला, देव जाणे. दोर ताठ झाले. बर्फ करकरलं. आणि बस हलली, राजेहो!

देवदारांमधून ती वर येत होती. इंजिनाचा आवाज नाही, चाकांचा नाही. फक्त गाणं, आणि गाणं थांबलं की सगळ्यांचा श्वास. टपावर हातभर बर्फ घेऊन जणू डोंगराचाच एक तुकडा उलटा चढत होता. शेवटच्या वळणावर ड्रायव्हरनं टोपी काढून मांडीवर ठेवली. देवळात काढतात तशी.

बस अंगणात उभी राहिली. दार उघडलं. आणि कुणीच आत जाईना.

मुखियाच्या आधी पाऊल टाकायची इथं रीत नाही.

"आधी तुम्ही," सगळे याइचीपुढे वाकले.

"छे, छे. आधी म्हाताऱ्यांनी."

"असं कसं? आधी तुम्ही."

"मी मागाहून येतो ना."

"तुम्ही गेल्याशिवाय कसं जायचं?"

कुणी वाकलेली मान वर करेना. पाठींवर बर्फ साचू लागलं. पोटं गुरगुरत होती, ती मात्र स्पष्ट ऐकू येत होती. याइचीनं बाईंकडे पाहिलं. बाईही वाकलेल्याच. आपण चढलो नाही तर ही माणसं इथंच गोठतील, पण आपल्याआधी हलायची नाहीत, हे त्याला कळून चुकलं. तो बुटांवरचं बर्फ झटकून आत चढला.

फोटोत डाग निघाला. वाटाण्याएवढा. डॉक्टर म्हणाले, आणखी एक हिवाळा काढला असता तर कापून उपयोग नव्हता.

सभेत मुनेकाता साहेबांनी विचारलं, "रस्ताच नव्हता, तर बस पोचली कशी?"

"बस पोचायला हवी, एवढंच ठरलं होतं," शिझुनोबाई म्हणाल्या. "रस्त्याचं कुणी बोललं नव्हतं."

तपासणी टिकली. आणि ऑपरेशनच्या दिवशी तीच दोनशे माणसं दवाखान्याच्या दारात...

"खोटं!"

रांगेत पुढून आवाज आला. कागदी झगा सावरत याइची मागे वळला.

"दोनशे कुठली रे, थापाड्या? मी उलटा चालत होतो, सगळ्यांची तोंडं माझ्यासमोर होती. अख्ख्या कायाझावात त्या वर्षी आपण सतरा म्हातारे उरलो होतो."