यानावरचा मिस्त्री

चंदेरी पोशाख मागून उसवला तेव्हा अप्पा यानाच्या इंजिनापुढं ओणवे होते. टर्रकन आवाज झाला आणि शूटिंगचा सगळा फ्लोअर खो खो हसला. अप्पा रंगभूमीवरचे जुने नट, तेसुद्धा हसले. हसली नाही ती एकटी मधुवंती. अंतराळयानावरच्या या तेरा भागांच्या मालिकेतले सगळे कपडे तिचे. मुंबईहून ट्रंकभर चंदेरी पोशाख घेऊन ती कोल्हापुरात आली होती, आणि सकाळपासून फाटलेला हा तिसरा.

"अप्पांना अजून यंत्राखाली आडवं व्हायचंय," दिग्दर्शक मोहित म्हणाला. सगळ्यांत वयानं लहान, म्हणून आवाज सगळ्यांत मोठा. "आणि शंभर वर्षांनंतरचा असला तरी मिस्त्री असा दिसतो का? हा तर बँडवाला वाटतोय."

दाराशी जेवणाचा डबा घेऊन शालन उभी होती. तिचा नवरा गणपती शिरोलीच्या एका फाउंड्रीत फिटर. पत्र्याचं हे यान त्यानंच रजा काढून जोडलं होतं.

"बाई, कापड झ्याक हाय," ती मधुवंतीला म्हणाली. हळू बोलली तरी चार घरांना ऐकू जाईल असा तिचा आवाज. "पर वरातीसाठी शिवलंय. राबणाऱ्याच्या कापडाला मोकळीक लागती. आमच्या ह्यांची डांगरी बघा की."

यानाच्या पोटाखालून दोन पाय बाहेर आले होते. मागोमाग सगळा गणपती सरकत बाहेर आला. गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध अशी त्याची निळी डांगरी धुऊन धुऊन आभाळाच्या रंगाची झालेली. बाह्यांवर ठिणग्यांची बारीक भोकं, गुडघ्यांवर ताडपत्रीची ठिगळं, छातीवर काळा डाग.

मोहित बघतच राहिला. "हेच! हेच मला हवं होतं. काढा."

"काढा?" गणपतीनं बायकोकडं बघितलं.

पडद्यामागं जाऊन त्यानं डांगरी उतरवली. अंगात घालायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मधुवंतीनं उरलेला चंदेरी पोशाख पडद्याआड सरकवला.

डांगरी अप्पांच्या हातात आली. त्यांनी ती दोन बोटांत धरली, अंगापासून लांब. "दुसऱ्याच्या अंगातलं..." वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं.

शालनच्या कानाच्या पाळ्या तापल्या. असं दोन बोटांत धरणं तिनं याआधी बघितलं होतं. डबा खाली ठेवून ती पुढं आली.

"घाम रोज धुतो मी, पावणं. डाग तेवढं ऱ्हात्यात. ते काय कुणाच्या अंगाला लागत न्हाईत."

अप्पांनी तिच्याकडं पाहिलं. मग हातातल्या डांगरीकडं. "चुकलो, बाई," ते म्हणाले, आणि पडद्याआड न जाता फाटक्या चंदेरीवरूनच त्यांनी डांगरीत पाय घातले. गुंड्या लावल्या. खांदे आपोआप खाली आले, उभं राहणंच बदललं.

"गणपतराव, पाना कसा धरायचा ते दाखवा जरा."

"थांबा, हे काय आहे?" मोहितनं छातीवरच्या खिशाकडं बोट केलं. लाल दोऱ्यानं त्यावर 'गणपती' असं भरलं होतं. फाउंड्रीत सगळ्यांच्या डांगऱ्या एका ओळीत खुंट्यांना; अदलाबदल नको म्हणून शालननं ते नाव भरलेलं. "हे उसवा. आपल्या मिस्त्रीचं नाव झेड-नऊ आहे."

मधुवंतीनं कात्री घेतली. शालननं खिशावर हात ठेवला.

"नाव उसवायचं न्हाय."

"अहो वहिनी, पण स्क्रिप्टमध्ये..."

"तुमचं नाव कागदावर हाय की. ते खोडायला कितीसा येळ लागतोय? ह्ये दोऱ्याचं हाय."

मोहितनं बोलायला तोंड उघडलं, पण अप्पा आधी बोलले. "बाई बरोबर सांगतायत. झेड-नऊ कसा उभा राहतो, ते मला चार दिवस झाले कळत नाही. गणपती कसा उभा राहतो ते आत्ता दिसतंय."

मोहितनं खिशातलं पेन काढलं आणि पानापानावरचं नाव खोडायला बसला.

"अशा आणखी मिळतील?" मधुवंतीनं शालनला विचारलं. सकाळपासून पहिल्यांदा तिचा चेहरा मोकळा झाला होता. "यानावर सहा कामगार आहेत."

"सा? फाउंड्रीच्या फाटकाशी चला, साठ देतो. पर एका जुनीला एक नवी."

"कबूल!"

दिवे लागले. चंदेरी गणपती कोपऱ्यात मांडी घालून बसला आणि त्यानं डबा उघडला. शालननं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"लग्नातबी एवढं चमकला नव्हतासा," ती कुजबुजली.

तिकडं कॅमेरा सुरू झाला होता. यानाच्या कप्तानाचं काम करणारी कालिंदी धुरातून धावत आली आणि जीव तोडून ओरडली, "गणपती! इंजिन बंद पडलंय! लवकर ये!"

"व्हय, आलो, आलो!"

भाकरीचा तुकडा तोंडात तसाच कोंबून गणपती उठला, वाटेतला पाना उचलला आणि दिव्यांच्या झोतातून पळत जाऊन थेट इंजिनाखाली शिरला. तिथं अप्पा आधीच आडवे झाले होते. क्षणभर दोघं एकमेकांकडं बघत राहिले, एक निळा, एक चंदेरी. मग अप्पा बाजूला सरकले.

"ये रे बाबा. दोघं मिळून बघू."

'कट' म्हणायला वर गेलेला मोहितचा हात तसाच हवेत राहिला.