वाईचं केशर

"केशर आहे ते," श्रीधरपंत म्हणाले. खरं तर कुणी विचारलं नव्हतं.

मथुराबाईंनी नवऱ्याचं उपरणं धुण्यासाठी नुकतंच उचललं होतं. पेशव्यांच्या दफ्तराच्या कामाला म्हणून पंत वाईला गेले होते, ते सकाळीच पुण्यात परतले होते. उपरण्याच्या एका टोकाला पिवळा डाग होता.

"यजमानांकडे केशरी भात होता," पंत जेवणाच्या पाटावरून उठत म्हणाले. "हात पुसला गेला."

आमटीत मीठ नसलं तरी विचारल्याशिवाय तोंड न उघडणारा हा माणूस आज डागाची हकीकत आपण होऊन सांगत होता. तिथेच त्यांच्या मनात पाल चुकचुकली. त्यातून ते टोक चुरगळलेलं होतं, गाठ मारून सोडावी तसं. भाताला कुणी गाठ मारतं का?

पंत झोपाळ्यावर टेकून विड्याची वाट पाहू लागले.

आत मथुराबाईंनी पानाचा डबा पुढे ओढला. उगाच कुणावर आळ घेणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. त्यांनी आधी देवघरातल्या केशराच्या काड्या पाण्यात चुरडून उपरण्याच्या दुसऱ्या टोकाला लावल्या आणि त्यावर चुन्याचं बोट चोळलं. केशर पिवळंच राहिलं. त्यांच्या माहेरी कुंकू घरीच करत, त्यामुळे चुन्यानं लाल होते ती हळद, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

आता डागाची पाळी. बोट पुढे जाईना. हळद निघाली तरी दुसऱ्या कुणाच्या लग्नातली असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. मग ती लपवायची कशाला, हे मात्र मन सांगेना. सवतीचा विचार झटकून त्यांनी बोट पुन्हा चुन्यात बुडवलं.

शेवटी त्यांनी बोट टेकवलं. डाग लाल झाला, थेट त्यांच्या कपाळावरच्या कुंकवासारखा.

"विडा झाला का?" बाहेरून पंतांनी विचारलं.

मथुराबाईंनी विडा लावला आणि उपरण्यासकट बाहेर नेला. पंतांनी विडा तोंडात घातला आणि मग ते टोक पाहिलं. त्यांचं चावणं थांबलं.

"वाईचं केशर चुन्याला लाल होतं," मथुराबाई म्हणाल्या. "त्या टोकाला आपलं घरचं लावलंय. ते बिचारं पिवळंच राहिलं."

"अगं, लोक बघतील. आधी धुऊन टाक ते."

"धुवायला कशाला हवं?" त्यांनी आतून लिंबाची फोड आणली आणि पंतांच्या देखत डागावर पिळली. लाल रंग ओसरला, डाग पुन्हा पहिल्यासारखा पिवळा झाला. "घ्यावं. पेठेत कुणी विचारलंच, तर केशर म्हणून सांगावं."

पंतांच्या जिवात जीव आला. त्यांनी उपरण्यासाठी हात पुढे केला. मथुराबाईंनी आपल्या हातातलं टोक सोडलं नाही.

"तिचं नाव काय ठेवलं इकडून?"